पळतं मीटर

८ फेब्रुवारी

लाईट बिल आलं. अकरा हजार चारशे. वाटलं, दुसऱ्याच कुणाचं आमच्या दाराला अडकवून गेला. नाव बघितलं – जैनोद्दीन शेख. म्हणजे आमचंच. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, बिल अजून त्यांच्याच नावानं येतं.

आहे काय घरात? दोन पंखे, चार बल्ब, फ्रीज, माझ्या शिलाई मशीनची मोटर. आणि डिसेंबरपासून अम्मींचं ऑक्सिजनचं मशीन. ते आल्यावर बिल वाढणार हे धरून चाललो होतो. मागच्या महिन्यात वाढलंच – दीड हजार. तेवढं पटलं. पण हे?

यांना फोन केला. हे ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेत. मागं ट्रॅक्टरांचा गोंगाट. म्हणाले, "एक शून्य जास्त पडलं असंल. ऑफिसला जाऊन ये."

अम्मींना सांगितलं नाही. सासू आहेत, पण कान माझ्या आईसारखे – सगळं ऐकतात.

१० फेब्रुवारी

गेले ऑफिसला. साहेब मोबाईलमध्ये. बिल पुढं सरकवलं.

"घरात नवीन काय घेतलं?"

"सासूबाईंना ऑक्सिजनचं मशीन लावलंय. दम्यानं फुप्फुस गेलंय त्यांचं."

"मग झालं तर."

संपलं. जणू चोर सापडला. मी म्हणाले, मशीन मागच्या महिन्यातही होतं, तेव्हा दीड हजार आलं. तर म्हणतात, "आधी भरा, मग तक्रार करा." भरायला असते तर तक्रार कशाला केली असती?

खरं बोलल्याचा पस्तावा झाला. मशीनचं नावच काढायला नको होतं.

१२ फेब्रुवारी

आजपासून फ्रीज बंद. शिलाई पायानं. संध्याकाळी पोटऱ्या भरून आल्या.

१९ फेब्रुवारी

गल्लीत सगळ्यांकडं विचारून आले. सगळ्यांची बिलं नेहमीसारखी. फक्त शेजारच्या धुळाप्पामामांकडं गेले नाही. मधे कमरेएवढी भिंत, पण तीन वर्षं बोलणं नाही.

त्यांच्या मेंढ्यांचा वाडा आमच्या भिंतीला लागून होता. लेंड्यांची धूळ, वास – अम्मींना रात्र रात्र धाप लागायची. यांनी दोनदा सांगून बघितलं, मग ग्रामपंचायतीत अर्ज टाकला. मामांना वाडा गावाबाहेर हलवावा लागला. त्या पावसाळ्यात तिकडं लांडग्यानं त्यांच्या आठ-दहा मेंढ्या फाडल्या. तेव्हापासून मामा आमच्या दाराकडं बघत नाहीत. त्यांची बायको, अयोध्यामावशी, बघतात, पण बोलत नाहीत.

आमचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांचं चुकलं असंही वाटत नाही. असो.

२४ फेब्रुवारी

आज सापडलं!

हे घरी आले होते. पंख्याचा स्विच बदलायला मेन बंद केला. अम्मींना तेवढा वेळ छोटा सिलिंडर लावला. घरात एक दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. मी बाहेर मीटरपाशी उभी – आणि मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय. टिक टिक टिक. घरात वीज जात नाही आणि मीटर पळतंय.

यांना हाक मारली. हे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तसेच आले. दोघं बघत उभे राहिलो. मग हे हसायलाच लागले. मलाही हसू आलं. मोबाईलवर व्हिडिओ काढला – आधी बंद मेन, मग मीटर.

अम्मी आतून, "क्या हुआ?" म्हटलं, काही नाही, मीटर वेडं झालंय.

२७ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीनं धाराशिवला मोठ्या ऑफिसात. हे परत कारखान्यावर, म्हणून मी एकटीच. अम्मींपाशी चुलतनणंद बसवली.

पहिली खिडकी: "व्हिडिओ चालत नाही. टेस्टिंगचा अर्ज करा."

दुसरी खिडकी: "अर्ज ग्राहकानं स्वतः करायचा. जैनोद्दीन शेख कुठं आहेत?"

"वारले."

"मग सही कोण करणार?"

मागच्या माणसानं ऐकून तोंडावर रुमाल धरला. हसू आवरत होता. माझ्यावर हसत असला तरी चालेल, निदान कुणाला तरी कळलं.

म्हणे आधी नाव बदला. नाव बदलायला काय लागतं? – थकबाकी शून्य. थकबाकी कशाची? – त्याच बिलाची. तिसऱ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी झाली.

परतताना गाडीत जागा नव्हती. तेर गावापर्यंत उभी आले. घरी आले तर अम्मींनी विचारलं, "काम झालं का?" म्हटलं, झालं.

५ मार्च

रमजान सुरू झाला. आज नवं बिल. मागचं धरून पंचवीस हजारांच्या वर. फ्रीज बंद ठेवून, मोटर बंद ठेवून!

बिल लपवायचं राहून गेलं. बोर्डावरच होतं. अम्मींनी वाचलं.

६ मार्च



दुपारी नमाजनंतर कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर घर शांत. लई शांत. मशीनची घरघर नाही. वाटलं लाईट गेली. पंखा तर फिरत होता. आत पळाले. अम्मी भिंतीला टेकून, ओठ निळे, नळी मांडीवर. मशीनचं बटन बंद.

चालू केलं. नळी लावली. पाठ चोळत बसले. किती वेळानं रंग परत आला. मी ओरडलेच त्यांच्यावर – आयुष्यात पहिल्यांदा. कोण बंद करतं असं? कधीपासून करताय?

त्या माझ्याकडं बघत होत्या. दम आला. मग म्हणाल्या, "मेरे सांस का बिल मेरे बच्चे ने कायकू भरना?"

म्हणजे मी बाहेर गेले की रोज बंद करत होत्या.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. समोर तो लाल दिवा. टिक टिक. दगड घालावा वाटला.

७ मार्च

मशीनच्या बटनावर चिकटपट्टी लावली. अम्मी म्हणतात, मी काय लहान पोर हाय का? म्हटलं, त्याहून वाईट आहात.

१३ मार्च

अर्ज घेतला एकदाचा. हे स्वतः गेले, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सगळं घेऊन. रोजा धरून दिवसभर तिथंच बसले. म्हणाले, "मी उठलोच न्हाई. बसूनच राहिलो. शेवटी त्यांनाच कंटाळा आला." टेस्टिंगची फी भरली. नंबर लागला की कळवू म्हणे.

तोवर लाईन कापणार नाही ना? – "तसं काही नाही," म्हणाला. तसं काही नाही म्हणजे काय, ते यांनी विचारलं नाही. मी असते तर विचारलं असतं.

२१ मार्च

लिहायला आत्ता बसले. सगळं निवांत झालंय.

दुपारी लाईनमन आला, महारुद्र. ओळखीचा. त्याच्या बायकोचे ब्लाउज मीच शिवते. शिडी खांबाला लावली तेव्हा मला वाटलं गल्लीचं काही काम असेल.

"वहिनी, थकबाकीच्या यादीत तुमचं नाव हाय."

मी अर्जाची पावती दाखवली. त्याला आत नेऊन अम्मींची अवस्था दाखवली. त्यानं साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. साहेब म्हणाले, "सगळ्यांच्याच घरी कुणीतरी आजारी असतं. यादीतलं कापून ये." महारुद्रनं फोन खिशात ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. वर चढला आणि कापली.

मशीन किंचाळून बंद पडलं. वीज गेली की ते तसंच ओरडतं.

सिलिंडर लावला. काटा अर्ध्याच्याही खाली. भरून आणायचा तर धाराशिवला. यांना फोन – म्हणाले निघतो, पण भरलेली ट्रॉली कुणाच्या गळ्यात टाकू? दवाखान्याची गाडी बोलावली, ती ढोकीला गेलेली. काटा खाली, अजून खाली. अम्मी मलाच समजावतात, "घाबरू नको." माझं तोंड कोरडं. रोजामुळं की भीतीनं, कळत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज. "शबनम." तीन वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज. बाहेर आले तर धुळाप्पामामा भिंतीपाशी, हातात वायरचं भेंडोळं.

मी म्हणाले, "मामा, तुम्ही –"

"बोलायचं ते मागनं बोलू. वायर धर आधी."

धरली. खिडकीतून आत ओढली. वायरच्या टोकाला बोर्ड होता, त्यात मशीनची पिन लावली. पलीकडून अयोध्यामावशींचा आवाज, "आमचा फ्रीज काढलाय, लोड येऊ नये म्हणून. लाव आता." बटन दाबलं. मशीन घरघरलं.

अम्मींनी डोळे मिटले. काही वेळानं म्हणाल्या, "कुणी दिली?" मी सांगितलं. त्या तशाच पडून राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. नळीवरून खाली.

इफ्तारला मी पाणी प्यायले, दुसरं काही गेलं नाही.

२२ मार्च

हे पहाटेच आले. वायर बघितली. खिडकीतून भिंतीपर्यंत बोटानं माग काढत गेले आणि तिथंच उभे राहिले. पलीकडं मामा दात घासत होते.

हे म्हणाले, "मामा, त्या वाड्याचं –"

मामांनी चूळ भरून अम्मींचं विचारलं. "नसीमभाबीला कसं हाय?"

"बरं हाय."

"मग झालं."

एवढंच बोलणं. हे आत येऊन बराच वेळ चपलेचा पट्टा नीट करत बसले. पट्टा तुटलेला नव्हता.

३१ मार्च

ईद. शीरखुर्म्याचं पातेलं भिंतीवरूनच पलीकडं दिलं. अयोध्यामावशी पहिल्यांदा आत आल्या, अम्मींच्या उशाशी बसल्या. दोघींनी तीन वर्षांचं सगळं बोलून घेतलं – कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाला नातू झाला. मेंढ्यांचा विषय आला तेव्हा अम्मींनीच काढला. मावशी म्हणाल्या, "लांडगा काय तुमच्या घरचा व्हता व्हय?"

मामांच्या घरचा फ्रीज अजून बंदच आहे. विचारलं तर म्हणतात माठाचं पाणी बरं.

आमच्या घरात संध्याकाळी मेणबत्ती. वीज फक्त मशीनला. मामांवर त्याहून जास्त भार टाकायचा नाही, हे यांनी बजावून ठेवलंय.

९ एप्रिल

मीटर तपासायला नेलं. आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. यंत्राला जोडलं, आकडे फिरले, तपासणारा नुसता बघतच राहिला. दुसऱ्याला बोलावलं. दोघं आपसात कुजबुजले. मी विचारलं, "काय झालं?"

"रिपोर्ट येईल."

"पण पळतंय ना?"

तो हळूच म्हणाला, "पळतंय काय, उधळलंय."

लाज वाटावी इतका आनंद झाला. पायऱ्या उतरताना यांनी भर रस्त्यात माझा हात धरला. लग्नाला अठरा वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

१४ एप्रिल

रिपोर्ट नाही. आज सुट्टी.

१५ एप्रिल

रिपोर्ट आहे, सही नाही. सही करणारे साहेब ट्रेनिंगला.

१८ एप्रिल

झालं. मीटर सदोष. दोन्ही बिलं रद्द, नवीन मीटर. महारुद्रच आला जोडायला, बरोबर दोघं. चहा केला तर घेईना. मी म्हटलं, घे, तुझा काय दोष? घेतला, पण उभ्यानंच.

पंखे फिरले. अम्मींना म्हटलं, चला, चिकटपट्टी काढू बटनावरची. म्हणाल्या, राहू दे.

मशीन आमच्या बोर्डात लावलं. भिंतीवरची वायर मामा म्हणाले आठवड्यानं काढू, या लाईटचा काय भरवसा.

नवं मीटर बघून आले. हळू लुकलुकतंय. माणसासारखं. आज पोटभर झोपणार आहे.

२२ एप्रिल

दुपारी वीज कंपनीची गाडी आली. आमच्या दारात नाही, पलीकडं. धुळाप्पामामांची लाईन कापून गेले. कारण काय, तर परवानगी नसताना दुसऱ्याच्या घरात वीज दिली. त्या दिवशी आमची जोडणी करताना वायर दिसली म्हणे. दंडाचं बिल वेगळं येणार.

मी धावत गेले, भांडले. गाडी निघून गेली. मामा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "जाऊ दे पोरी. उन्हाळा हाय, बाहीर झोपू."

आत आले तर अम्मी उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "दानियाल, वायर उलटी कर."

हे म्हणाले, "अम्मी, मग आपली पण कापतील."

"कापू दे."

यांनी वायर उलटी करून आमच्या बोर्डात लावली. बटन मी दाबलं. भिंतीपलीकडं पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.