पाहुणीची खुर्ची

विजय नगर, जबलपूर
सोमवार

प्रिय आई,
तुला आणि बाबांना सलाम. बाबांचा गुडघा कसा आहे ते खरं कळव.

जालन्याच्या आपल्या चर्चमधून आणलेला सभासदत्वाचा दाखला इथल्या चर्चमध्ये दिलास का, असं तू दर वेळी विचारतेस. फोनवर बोलताना मी चिडते, म्हणून लिहिते आहे. तो दिला की मी इथली सभासद होणार, हे मलाही कळतं; पण तो कागद अजून माझ्या बायबलमध्येच आहे.

माणसं चांगली आहेत. मला टायफॉइड झाला तेव्हा चर्चमधल्या एस्तेर दीदींनी नऊ दिवस डबा पोचवला. सख्ख्यांनीही एवढं केलं नसतं. पण आठ महिने झाले तरी उपासनेनंतर मला पंख्याखालच्या खुर्चीत बसवतात आणि चहा हातात आणून देतात. काल मी सरळ किटली उचलली. दीदींनी ती काढून घेतली.

"अरे विनता जी, आप बैठिए. आप तो मेहमान हैं."

"आठ महीने से, दीदी?"

"मेहमान तो मेहमान है," म्हणत त्या हसल्या. सगळ्याच हसल्या. मी बसले. रागाने चहा तसाच ठेवला.

घरी येताना आपल्या चर्चमधल्या नांदेडच्या नर्सबाई आठवल्या. दोन वर्षं आपण पहिला कप त्यांना दिला. कप विसळायला मात्र एकदाही बोलावलं नाही. तेव्हा मला ते प्रेमच वाटायचं.

रविवारी मी दाखला देणार आहे, आणि किटलीही सोडणार नाही. तू त्या दिवशी नर्सबाईंना कप विसळायला बोलाव.

तुझी, अजून चिडलेली,
विनता