हृदयाच्या खोलीतली लाईट गेली तेव्हा

आबा, तुमची मुलगी सध्या भाताचं शीत म्हणून नोकरी करते. हे वाक्य मी चारदा लिहून खोडलं, पण दुसरं कुठलं इतकं खरं वाटेना. उत्तनच्या बाजूला, डोंगरीच्या पुढे, मुलांसाठी खेळांची एक मोठी बाग झाली आहे. पाळणे आहेत, पाण्यातल्या घसरगुंड्या आहेत, आणि एका कोपऱ्यात माणसाचं भलंमोठं डोकं बांधलंय, आ वासलेलं. मुलं ट्रॉलीत बसतात. ट्रॉली रुळावरून त्या तोंडात शिरते, दातांमधून जिभेवर, तिथून पोटात, आतड्यात, मग हृदयात, आणि शेवटी कानातून उजेडात येते. कानातूनच का, असं प्रत्येक सहलीत कुणीतरी विचारतं, आणि मागच्या बाकावरची मुलं त्याचं काय उत्तर देतात ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही असतात तर त्यांच्याहून वाईट दिलं असतंत.

मी तिथे लागले ती झाडूपोछ्याला. खारीतल्या घरातून स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून उत्तनची बस. रोज जाऊन येऊन दोन तास मोडतात, पण बसमध्ये बसायला मिळालं तर तेवढेच माझे वाचायचे. लायब्ररीचं पुस्तक बदलायला शनिवारी जाते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटली, पण वाचणं मी सोडलं नाही. माझ्या हाती पोट आणि आतडं दिलं होतं. रोज सकाळी आतड्यातली वेफर्सची पाकिटं गोळा करायची. पहिल्या वर्षी आत नुसत्या पाट्या होत्या. पोटात आम्ल असतं, हृदयाला चार कप्पे असतात, असं सगळं शाळेच्या पुस्तकासारखं बारीक अक्षरात. कुणी डॉक्टरांनी तपासून दिलेलं, त्यामुळे चूक एकही नव्हती आणि वाचणारंही कुणी नव्हतं. मी सोडून. मुलं आत जायची आणि जांभया देत कानातून बाहेर यायची. मग वरून हुकूम आला की कार्टून करा. दाताला मिशा आल्या, जिभेची घसरगुंडी झाली, हृदयाला डोळे, पापण्या आणि हसरे ओठ लावले. आणि या सगळ्यातून मुलांना फिरवायला एक भाताचं शीत आलं, टोपी घातलेलं, काडीसारखे हातपाय. त्याचं नाव शितोबा. हिंदीत त्याची टेप केली. आता बाहेर ही रांग लागायला लागली! पण मी कानापाशी उभी राहून मुलांना विचारायची, "काय काय बघितलंत?" तर सगळ्यांचं एकच, "जीभ! परत जाऊया ना जिभेवर!" पोटात काय होतं, कुणाला ठाऊक नाही. पाट्या तर काढूनच टाकल्या होत्या. मला चुटपुट लागायची. स्वयंपाक सगळा सांडून नुसतं ताट चमकवून वाढल्यासारखं वाटायचं.

आणि तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवायचं. शिमगा तोंडावर आला आहे. तुम्ही चुलीपुढे बसून पाठ करताय, कारण तुम्हाला अक्षर येत नाही, आणि मी अकरा वर्षांची, नमनाच्या खेळाची वही धरून तुम्हाला वाचून दाखवतेय. गवळणीतली मावशी तुमच्याइतकी पंचक्रोशीत कुणी करत नव्हतं. आईचं लुगडं नेसून, एक दात काळा करून, कमरेत वाकून तुम्ही आलात की बाया पदरात तोंड घालून हसायच्या. त्या वर्षी गावात जुलाबाची साथ होऊन दोन पोरं गेली होती, म्हणून गुरुजींनी मावशीच्या बोलण्यात पाण्याविषयी आठ ओळी लिहून दिल्या होत्या. उकळून प्या, विहिरीवर म्हशी धुऊ नका. मला त्या रटाळ वाटल्या. मी त्या गाळल्या आणि पुढचा विनोद वाचला. तुम्ही एकदाच गुरुजींच्या तोंडून ऐकलं होतं, पण लगेच ओळखलंत. "हसायचा तेवडा वाचलास. मदला पान्याचा कुटं गेला?" मी म्हटलं, कंटाळवाणं आहे ते. तुम्ही चुलीतलं लाकूड मागे ओढलंत आणि इतक्या शांतपणे बोललात की मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. "कंटाळवाना हाय म्हनून तर माज्याकडं दिलाय. नुसता हसवायचा तर माकड नाचवा की. मी कशाला लुगडा नेसू?" मग देवळापुढे तुम्ही एकेका गवळणीची वाट अडवलीत. आज कुठलं पाणी प्यालीस ते सांग, नाहीतर मथुरेला सोडत नाही. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर पाण्याला गेले, तर ज्या घरापुढून जावं तिथे चुलीवर हंडा चढलेला.

तर एकदा मराठी शाळेची लहान मुलं आली. टेप हिंदीत, त्यांना काही समजेना, ती नुसती एकमेकांना चिमटे काढत होती. मी पोटामागच्या खोलीत झाडू घेऊन उभी. ती खोली म्हणजे भिंतीआडची बोळकांडी, तिथून पोटही जवळ आणि हृदयही. माझ्या तोंडून आवाज निघाला तो तुमच्या मावशीचा, नाकातला. "ए बाळांनो, मी शितोबा. मला नीट चावून खाल्लंत का रे, की गिळलंत तसाच?" पोरांचे चिमटे थांबले. मी त्यांना सांगितलं, भाताचा घास बराच वेळ चावत राहा, गोड लागायला लागेल. लाळेमुळे तसं होतं, काढून टाकलेल्या पाटीवर होतं ते. दुपारी डबे उघडले तेव्हा बघते तर अख्खा वर्ग डोळे मिटून भात चावत बसलेला, आणि एक एक जण ओरडतोय, "बाई, लागला! गोड लागला!" मॅनेजर साहेबांनी हे बघितलं. बेव्हर्ली पार्कात राहणारे, मूळचे गिरगावातले, माणूस मऊ आहे. "मावशी, हे कुठे शिकलात तुम्ही?" त्यांनी मला मावशी म्हटलं आणि मला हसूच आवरेना. तेव्हापासून मराठी शाळांच्या सहलींना माईक माझ्याकडे असतो, सेलवर चालणारा. रद्दीवाल्याकडून शरीरावरची दोन पुस्तकं आणली. शितोबाचं बोलणं मी स्वतः लिहिते.

आता जे सांगायचंय त्याआधी तुम्हाला माहीत नसलेलं एक सांगावं लागेल. तुमच्यानंतर तीन वर्षांनी हे गेले. भांड्यांच्या कारखान्यात, दुपारच्या पाळीला. छातीत कळ आली म्हणून बाकावर बसले ते उठलेच नाहीत. तुमची नात सहा वर्षांची होती. मी तिला सांगितलं, बाबा गावाला गेलेत. मग सांगितलं, देवाघरी गेलेत. हृदय बंद पडलं, असं मी कधी उच्चारलंच नाही. दहावीला असताना एकदा ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "आई, आदल्या रविवारी मी बाबांच्या छातीवर उड्या मारल्या होत्या. मला वाटायचं, त्यानेच झालं." दहा वर्षं तिने ते एकटीने वागवलं, आबा. मी शेजारी झोपत होते आणि मला पत्ता नव्हता.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. तिसरी-चौथीची मुलं हृदयाच्या खोलीत आली आहेत. ते हृदय रेक्झिनचं, आत पंख्याने हवा भरते, सुटते, भरते. मी शितोबाच्या आवाजात सांगतेय की मी आता साखर होऊन रक्तात मिसळलोय, हे बघा, हा पंप मला सगळ्या अंगभर पोचवणार. आणि लाईट गेली. आमच्याकडे रोजच जाते, जनरेटर सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. पण त्या दिवशी नेमकी तिथे गेली. दिवे विझता विझता बारीकसा उजेड होता तेवढ्यात पोरांनी बघितलं, हवा सुटत सुटत ते हृदय खाली बसलं, हसऱ्या ओठांसकट लोंबलं. मग सगळा काळोख. कुणी किंचाळलं नाही. एका मुलीचा आवाज आला, अगदी साधा, "माझ्या पप्पांचं पण असंच बंद पडलं."

मी टेप असते तर लाईटबरोबर बंद पडले असते. मी माईक तोंडाशी धरला आणि शितोबाच म्हणाला, "हो गं. खरं हृदय कधी कधी थांबतं. डॉक्टर खूप खटपट करतात, तरी काही वेळा नाही चालू होत. मग तो माणूस परत येत नाही." मग ती, "मी रुसले होते त्या दिवशी." "रुसलीस म्हणून नाही थांबलं. कुणी रुसून, मस्ती करून, अंगावर उड्या मारून हृदय थांबत नाही. ते आतून आजारी पडतं." "नक्की?" "मी आत्ता रक्तात आहे ना? आतलं सगळं मला ठाऊक असतं. नक्की." मग मला कळेना की आता पुढे काय. एवढं बोलून पोरांना काळोखात सोडायचं कसं? मी म्हटलं, "लाईट लवकर आली तर बरं. नाहीतर मी इथेच शिळा होईन. मग मला कोण खाणार?" कुठूनतरी एकजण ओरडला, "फोडणीचा भात करू तुझा!" दुसरा, "कांदा घालून!" तिसरी म्हणाली, "मिरची नको, त्याला झोंबेल." आणि सगळी खोली हसायला लागली. जनरेटर लागला, हृदय फुगलं, ट्रॉली निघाली. ट्रॉलीचं बटण दाबणारी माझी डोंगरीची मैत्रीण नंतर म्हणाली, "लाईट न्हाय, तरी तुजं तोंड चालूच हाय गो."

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. कुणा पालकांची तक्रार होती. "मावशी, लोक इथे एन्जॉय करायला येतात. मुलांना हसवायला आणतात, आणि आपण त्यांना मरणाचं सांगतोय. कार्टून आहे ते! शीत आहे! उद्या तुम्ही अपेंडिक्सच्या ऑपरेशनवर बोलाल." मी म्हटलं, "कुणी विचारलं तर बोलीन." त्यांना हसू आलं, पण लगेच गंभीर झाले. मराठीची सीडी करून घेऊ म्हणाले, स्टुडिओत, चांगल्या आवाजात. मला परत सफाईवर घेणार, पगार तोच. मला पगाराचं काही नव्हतं. त्या सीडीला कुणी प्रश्न विचारला तर ती पुढचं गाणं म्हणणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. मी त्यांना तुमचं सांगितलं. लुगडं, काळा दात, पाण्याच्या आठ ओळी, चुलीवरचे हंडे, सगळं. म्हटलं, साहेब, पोरं शितोबावर विश्वास ठेवतात ते तो हसवतो म्हणून. मग त्यांनी त्याला खरं विचारलं तर त्याने टोपी हलवून गाणं म्हणायचं का? ते बराच वेळ पेन फिरवत बसले. मग म्हणाले, "त्या मुलीचं काय पण? रडली असेल बिचारी." मी म्हटलं, "नाही साहेब. फोडणीच्या भाताला सगळ्यांत मोठ्याने तीच हसली."

त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. आपण होऊन काही काढायचं नाही. कुणी विचारलं तरच. आणि नंतर हसवायचं, हसवल्याशिवाय ट्रॉली सोडायची नाही." मी हो म्हटलं. सीडीचं पुन्हा निघालं नाही. आता सहलीआधी ते स्वतः माझं लिहिलेलं वाचतात, कधी एखादा विनोद घालतात, तो बहुधा मी गाळते. पोरं मरणाचं काही रोज विचारत नाहीत. उचकी का लागते, पोटात च्युइंगम चिकटतं का, आजीचे दात कुठे गेले, हे विचारतात. मी रात्रीचं पुस्तक बघून ठेवते. तुमची नात आता नर्सिंगला आहे, अडलं तर ती सांगते. परवा एका गोष्टीवर मला म्हणाली, "आई, हे चुकीचं लिहिलंयस, खोड," आणि मी खोडलं. बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. पण साहेबांना जे सांगितलं ते कुणापाशी तरी नीट करायचं होतं, आणि तुमच्यापाशी केलं तर तुम्ही रागावलात तरी मला चालेल. आबा, ती मुलगी हसली की नाही, मला माहीत नाही. भिंतीच्या फटीतून त्या काळोखात काही दिसत नव्हतं. सगळी हसत होती तेव्हा मी तिचा आवाज शोधत होते, तो मला त्यात सापडला नाही. मी खोटं बोलले. मला ऐकू आलं ते एवढंच, की ट्रॉली हलली तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "सरक ना जरा, मला पुढचं दिसत नाहीये." साहेबांना तेवढं पुरलं नसतं. मला पुरलं.