‘नंतर’ दाबलं होतं ते मी

बिबवेवाडी, पुणे
१२ जुलै २०२३

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून हसशील. शाळेत निबंधाच्या चार ओळींपुढे न गेलेला सोनू पत्र लिहितोय. पण फोनवर मी भलतीकडेच जातो. मागच्या रविवारी तुला एक सांगायचं होतं आणि पंधरा मिनिटं इथल्या मिसळीवर बोललो.

मी सध्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आहे. चार महिने झाले, म्हणजे माझ्या मानाने फारच टिकलो. मालक श्रीधरशेठ अस्सल पुणेरी. दारावर पाटी लावलीय, ‘घरी स्वतः उघडून पाहिलेल्या मशीनचे दर वेगळे. खरे सांगावे, आम्हाला कळतेच.’ लोक वाचतात आणि गपचूप खरं सांगतात.

इथे एक तक्रार दर आठवड्याला येते. नवीन सिस्टिम टाकली आणि तेव्हापासून वायफाय सारखं जातं. माणसं राउटरला शिव्या घालतात. राउटर बिचारा ठणठणीत असतो. नवी सिस्टिम वीज वाचवायला वायफायचं कार्ड मधेच झोपवून टाकते, बस. सेटिंगमध्ये जायचं, एक बरोबरची खूण काढायची. दोन मिनिटांचं काम.

तुला येरवड्याची आपली खोली आठवली असेल. मलाही रोज आठवते. आई डोळ्यांच्या ऑपरेशनला आली आणि लॉकडाउनमध्ये आपल्याकडेच अडकली, बाबा तिकडे वाशीमला दवाखान्यात. रोज चार वाजता वॉर्डातल्या सुशीलाबाई सिस्टर व्हिडिओ लावायच्या, एका पेशंटला पाच मिनिटं. आई पावणेचारलाच धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन तुझ्या लॅपटॉपसमोर बसायची. बाबा जसे काही पाहुणे म्हणून येणार होते.

त्या सोमवारी तू रेशनच्या रांगेत होतीस आणि मला करमत नव्हतं. लॅपटॉपवर आलं, नवी सिस्टिम तयार आहे. फुकट होती, टाकली. तुला विचारलं नाही. संध्याकाळपासून वायफाय जायला लागलं. मी म्हणालो, घरमालकाचा राउटर भंगार आहे, गेलं की लॅपटॉप बंद करून चालू कर.

गुरुवारी मी स्वारगेटला गेलो, वाशीमकडे जाणारी एखादी गाडी मिळते का बघायला. गाडी नव्हती. एक माणूस उभ्या एसटीच्या आरशात बघून दाढी करत होता, अगदी निवांत. मी ते बघत राहिलो. साडेचार वाजले. तुझा फोन दुरुस्तीच्या बंद दुकानात अडकलेला आणि घरातला एकमेव चालू फोन माझ्या खिशात.

पुढचं तूच सांगितलंस. बाबांनी मास्क बाजूला केला, म्हणाले, ‘पुर्णीची माय, ते कपाटात’ आणि चित्र थिजलं. तोंड तसंच उघडं. तू मी शिकवलेलं केलंस. बंद केलं, चालू केलं. पडद्यावर आलं, अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. सतरा टक्के. आई पदर सावरून तो आकडा बघत बसली. शंभर झाले तोवर सुशीलाबाई दुसऱ्या खाटेकडे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चार वाजायची वेळच आली नाही. सकाळी अकराला निरोप आला.

आईने विचारलं, काय दाबलंस गं तू? तू म्हणालीस, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो.

गावी घरी गेल्यावर आईने कपाट तीनदा रिकामं केलं. लाइटची बिलं, आपले शाळेचे दाखले, बाबांचा जुना पट्टा. ते काय होतं, अजून कळलं नाही. आणि मिक्सरचं बटणसुद्धा ती तुला दाबू देत नाही. राहू दे पुर्णे, म्हणते. तू पुण्यातली नोकरी सोडलीस, गावच्या शाळेत हाताने रजिस्टरं लिहितेस.

आज दुकानात तुळजाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आल्या. नातवाचा लॅपटॉप छातीशी धरलेला. वायफाय जातं म्हणाल्या, आणि मग हात जोडून अगदी तुझंच वाक्य. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. मी म्हणालो, आजी, तुमचं काही चुकलं नाही. एका अनोळखी बाईला दोन सेकंदांत सांगितलं. संध्याकाळी दुकानातून निघताना हे पाकीट घेतलं.

ताई, मला त्या मंगळवारीच, सिस्टिम टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी, कळलं होतं. फोनवर शोधलं तेव्हा त्या खुणेचं सापडलं. आणि लॅपटॉपवर आलं होतं की काम अर्धं राहिलंय, पुन्हा चालू करा, तासभर लागेल. तासभर घरात कोण बसणार? मी ‘नंतर’ दाबलं, खूणही नंतर काढू म्हटलं आणि हिंडायला गेलो. बाबांच्या दहाव्याला ती खूण काढली. तेव्हापासून वायफाय एकदाही गेलं नाही. तुला वाटलं, आपोआप बरं झालं. मी वाटू दिलं. दोन वर्षं. तू काहीही दाबलं नव्हतंस. हे आईला कळायला हवं, म्हणून हे पत्र. पण तू वाचून दाखवू नकोस, तिला वाटेल तू मनचं रचून वाचतेस. शेजारच्या संपतकाकांकडून वाचून घे, आणि तू तिच्यासमोर बस.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
सोनू