कपाटातलं तापमान

३ मार्च, सोमवार
संकल्प : आजपासून रोज नोंद. शास्त्रीय. भावनांना थारा नाही.
पॅसेजच्या भिंतीतल्या कपाटात पाच ग्राफिक्स कार्डं. चोवीस तास क्रिप्टो माइनिंग : गणितं सोडवून डिजिटल नाणी कमावणं. एकूण ७४० वॅट. माझं ध्येय : वीज कमी, कमाई तेवढीच. कार्डाचं व्होल्टेज इतकं उतरवायचं की ते जेमतेम जिवंत राहील, पण राबायचं थांबणार नाही. आमच्या साहेबांना हे माणसांवर जमतं, मला कार्डांवर जमायला काय हरकत आहे?
कपाटाच्या पलीकडे लेकीची खोली. तिचा पलंग त्याच भिंतीला टेकलेला.
बायकोने तिसऱ्यांदा विचारलं, हे पेटणार नाही ना? म्हणालो, फ्रिजइतकं सुरक्षित आहे. म्हणाली, फ्रिजला हात लावून बघायला तू तासातासाला उठत नाहीस.
मी घाबरत नाही. लक्ष ठेवतो.

५ मार्च
दुसऱ्या कार्डाच्या मेमरीचा वेग वाढवला, व्होल्टेज उतरवलं. मशीन हँग. पुन्हा. पुन्हा हँग. चौथ्या वेळी चाललं. ६८४ वॅट! कमाई तसूभरही कमी नाही. माइनिंगवाल्यांच्या फोरमवर टाकलं. एकाने अंगठा दाखवला.

८ मार्च, शनिवार
सासरे राहायला आले. एकतीस वर्षं अग्निशमन दलात काढून निवृत्त. बायकोने मुद्दाम बोलावलं की काय, कळायला मार्ग नाही. चपला काढायच्या आधीच नाक वर. जावईबापू, काहीतरी तापतंय. म्हणालो, चहा असेल. म्हणाले, चहा अजून ठेवलाच नाहीये.
कपाट उघडून एकेक वायर चाचपली. मग एका वायरीवर बोट ठेवलं. हिला दोन फाटे का फोडलेत? मी समजावलं : एका वायरीवर दोन कार्डं आहेत खरी, पण दोन्ही कमी वीज खातात, त्यामुळे वायरीवर ताण येत नाही. म्हणाले, मी विझवलेल्या प्रत्येक घराचा मालक मला असंच समजावून सांगायचा. फार छान सांगायचे हो सगळे.
वायर बदला म्हणाले. बदलणे. (रविवारी.)
जाताजाता लेकीचा पलंग भिंतीपासून हातभर ओढला. खोली उगाच लहान दिसते.

९ मार्च, रविवार
सासऱ्यांनी स्टुलावर चढून कपाटावर धुराचा अलार्म बसवला. बटण दाबायचा मान लेकीला. असा केकाटला की माझ्या हातातला कप पडला. लेक टाळ्या पिटत म्हणाली, बाबा घाबरले! कप ओला होता, असा खुलासा केला.
वायर राहिली.

१२ मार्च
सॉफ्टवेअर कार्डाचं तापमान दाखवतं, वायरीचं नाही. हे आज आंघोळ करताना सुचलं. साबण तसाच राहिला. लेझर थर्मामीटर आणला. रोखायचा, खटका दाबायचा, आकडा हजर. फाटेवाली वायर : ६१. ठीक. पुन्हा : ६४. सारखं मोजल्याने तापत असावी.

१५ मार्च
थर्मामीटरची बॅटरी संपली. दिवसाला दोनशेदा मोजल्यावर संपणारच. चौकोनी बॅटरी लागते. कोपऱ्यावरच्या दुकानात नाही. घरात तशी एकच. अलार्ममध्ये.
शांतपणे विचार केला. अलार्म आग लागल्यावर ओरडतो. थर्मामीटर लागायच्या आधी सांगतो. म्हणजे बॅटरी थर्मामीटरमध्ये असणं जास्त सुरक्षित. हलवली. उद्या नवी आणणे.

१६ मार्च
बॅटरी आणणे.

१९ मार्च
बॅटरी!! सासरे येताजाता अलार्मकडे बघून समाधानाने मान डोलावतात. तेवढा वेळ मी बाल्कनीत काढतो.

२१ मार्च
विक्रम! ६०० वॅट! एकशे चाळीस वाचले. वाचलेले वॅट नुसते पडून राहणं मनाला पटेना. सहावं कार्ड आणलं, कपाटातले जुने पडदे कोपऱ्यात कोंबून जागा केली. त्याला वायर उरली नव्हती, म्हणून फाटेवाल्या वायरीला तिसरा फाटा. तर्क तोच. आता एकूण ७२०. सुरुवातीपेक्षा वीस कमीच.
बायकोला सांगितलं, वीज कमी केली. शब्दन्‌शब्द खरा. ती हसली. किती दिवसांनी!
वायर : ७९. थर्मामीटर स्वस्तातला आहे.

२४ मार्च
संध्याकाळी लेक गृहपाठ करत होती, तेव्हा तिच्या खोलीची भिंत मोजली. ३७. तिने विचारलं, बाबा, भिंतीला ताप आलाय का? म्हणालो, भिंती कोमटच असतात. तिने दुसऱ्या भिंतीला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं.
तिला खेळायला पाठवलं. मी घाबरलेलो नाही. पाणी प्यायलो. तीन ग्लास.

२६ मार्च, बुधवार
९:१० लेकीला ताप. शाळा नाही. बायको कामावर, सासरे लेकीजवळ. मला ऑफिस. घाईत थर्मामीटर बॅगेतच आला. हरकत नाही, वॅट फोनवर दिसतात.
११:२० ७२० वॅट. शांत.
११:४१ ६०५! मी काहीही न करता! सेटिंग मुरलं. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटला दाखवलं. म्हणाला, एक कार्ड मेलं नसेल ना? लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.
११:४४ ४८०. कमाईही घटलेली दिसते. आकडे उशिरा येत असतील.
११:४६ शून्य.
११:४७ शून्य वॅट आजवर कोणालाच जमलेलं नाही.
११:४८ घरी फोन उचलत नाहीत. नेट गेलं असेल. नेटच.
११:५० उचलत नाहीत. मी घाबरलेलो ना—

त्याच दिवशी, दुपारी
सगळे सुखरूप. हे आधी.
तीन फाट्यांचा जोड वितळला. कपाटातल्या जुन्या पडद्यांनी पेट घेतला. अलार्म वाजला नाही. सासऱ्यांचं नाक वाजलं. लेकीला खांद्यावर टाकून शेजारच्या काकूंकडे पोहोचवलं, मेन स्विच पाडला, ओलं ब्लँकेट टाकून आग गुदमरवली. म्हणाले, पोर तापाच्या गुंगीत होती. मी आंघोळीला गेलो असतो तर. वाक्य तिथेच सोडलं.
समजावून सांगायच्या ऐवजी मी वितळलेला जोड उचलून पाहिला.
लेकीच्या भिंतीवर हातभर काळा डाग. पलंग आधी होता तिथे, उशीच्या उंचीवर.
सासऱ्यांनी अलार्म उतरवला होता. रिकामी खाच माझ्यासमोर धरली. मी बॅगेतून थर्मामीटर काढला. त्यातली बॅटरी काढताना दोनदा पडली. त्यांनी दोन्ही वेळा उचलून दिली. म्हणाले, जावईबापू, तुम्हीच बसवा.
बसवली. बटण दाबलं. केकाटला. काकूंच्या घरातून लेकीचा बारीक आवाज आला : बाबा, घाबरू नका, आजोबा आहेत तिथे!

संध्याकाळी
बायको आली. डाग पाहिला. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजला हात लावून आली.

३० मार्च, रविवार
सहापैकी एक कार्ड वाचलं. विकायला काढलं. एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. तिच्या कॉम्प्युटरसाठी हवं होतं. विचारलं, सुरक्षित आहे ना हो?
फ्रिजइतकं, असं अगदी जिभेवर आलं होतं.
म्हणालो, घेऊ नका.