तो धडा घरी वाचा

रविवार, दुपार

आदरणीय बाई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? परवा शाळा समितीच्या बैठकीतून उठताना तुम्ही टेबलाचा आधार घेतलात. मी हात पुढे केला, तर तुम्ही "असू दे" म्हणालात. आवाज अजून वर्गातलाच आहे.

मी बरी आहे. घसा तेवढा बसलाय, या आठवड्यात चार शाळांत बोलले. या मुलीच्या तोंडाला कुलूप लावायला लोहार बोलवावा लागेल, असं तुम्हीच म्हणायचात. लोहार अजून मिळाला नाही, म्हणून हे पत्र.

वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी मी घेते तो वर्ग आपल्या शाळेत राहणार की बंद होणार, हे उद्या ठरेल. शरीर कसं बदलतं, दिवस कसे राहतात, नाही म्हणायचं कसं, एवढंच त्यात असतं. समितीतले दोघे बाजूनं आहेत, दोघे विरुद्ध. मुख्याध्यापक म्हणाले, पोरांच्या डोक्यात नाही ते भरू नका. औषधवाले काका म्हणाले, वर्ग झाला तर धंदा माझाच वाढेल, तरी मी विरोधातच. सगळे हसले. उरलेलं पाचवं मत तुमचं. तुम्ही घड्याळाकडे बघत एवढंच म्हणालात, "हा विषय घरचा आहे."

त्यानंतर कोण काय बोललं, मला सांगता येणार नाही. मी मनानं नववीच्या वर्गात जाऊन बसले होते.

तुम्ही अमीबा असा शिकवला होतात की आजही मी डोळे मिटून त्याचे दोन भाग करून दाखवीन. मग पुस्तकातला शेवटचा धडा आला. तुम्ही फळा पुसलात, हात झटकलेत आणि म्हणालात, "तो धडा घरी वाचा." मागच्या बाकांवर खसखस पिकली. माझ्या शेजारी चिमणी मात्र हसली नाही. पेनाचं टोपण चावत बसली.

इतकी वर्षं मी तुमच्याकडे येते, चहा घेते, बंद खोलीच्या दारावरून जाते, आणि तिचं नाव काढत नाही. तुम्हीही काढत नाही. आज काढते. बाकीच्या मुलींना घरी आई होती, बाई. चिमणीला घरीही तुम्हीच होतात.

परीक्षा संपली त्या दिवशी शाळेच्या नळाशी तिनं मला विचारलं, "एकदाच झालं तर काही होत नाही ना?" वर्गात पहिली ती, दुसरी मी, आणि दोघींनाही ठाऊक नव्हतं. ज्याच्यासोबत ते झालं, त्या मुलालाही नव्हतं. धडा गाळला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तोच हसला होता. पुढे दिवस राहिले, तेव्हा तिनं कुणीतरी दिलेलं काहीतरी गुपचूप घेतलं. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. तुम्ही लोकांना ताप म्हणून सांगितलंत. मीही तापच सांगत आले.

भर सभेत माझा आवाज कापत नाही. शाळेत कापतो. लोक म्हणतात, काय पोटतिडीक आहे. त्यांना दिसत नाही. शाळा कुठलीही असो, दुसऱ्या बाकावर डावीकडे ती बसलेली असते. टोपण चावत. मी उत्तर देते तेव्हाही ती उठून जात नाही.

मागच्या महिन्यात शिंप्याची मुलगी वर्ग सुटल्यावर घुटमळत राहिली. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. मी म्हटलं, "एकदाही पुरतं गं." ती बाकावर टेकली. म्हणाली, "बरं झालं, आधी विचारलं." दाराआड आणखी काही मुली कान देऊन उभ्या होत्या.

आधी. बाई, सगळं शिक्षण त्या एका शब्दासाठी असतं. शिकवलं की मुलं बिघडतात म्हणे. आम्हाला कुठे कुणी काय शिकवलं होतं?

नळाशी मी चिमणीला म्हटलं होतं, आईला विचार. त्यावर ती जे बोलली ते आजवर माझ्यापाशीच ठेवलं. तुम्हाला सोसवणार नाही असं वाटायचं. आता वाटतं, तुम्ही याहून जड काहीतरी एकटीनं वाहताय. ती म्हणाली होती, "आईला विचारायला गेलं, की ती बाई होते."

उद्या हात वर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. तो धडा राहिलाय. तुम्ही येऊन शिकवा. गुडघा दुखला तर खुर्चीत बसून शिकवा, फळा मी पुसते. डावीकडची जागा मोकळी ठेवते.

आणि त्या तासाला बाई होऊ नका.

तुमच्या दुसऱ्या बाकावरची,
उजवीकडची