कॉम्प्युटरवर आजची तारीख

अहो आबांग,

मी आपल्या कैसाराला एक्स-रेसाठी मोठ्या हॉस्पिटलात नेतेय. शेजारच्या मावशी, माक चिक रोकिया, गाडी काढताहेत. तुम्ही फोन घरीच विसरून जुन्या बाजारात गेलात, म्हणून ही चिठ्ठी फोनखालीच ठेवते.

त्या जुन्या कॉम्प्युटरसाठी बशीत ठेवलेली बटणासारखी बॅटरी दिसत नाही. बशी जमिनीवर पालथी होती आणि कैसारा शेजारी बसून काहीतरी चघळत होती. तोंड उघडून पाहिलं तर रिकामं. माक चिक म्हणतात, "गिळली असती तर अशी हसली असती का पोरगी?" पण अशी बॅटरी दोन तासांत आतून जाळते, हे मी वाचलंय. म्हणा मला घाबरट प्रोफेसरीणबाई.

काल रात्री ती बसवून तारीख लावणार म्हणाला होतात. बसवलीत का, हे विचारायचं राहूनच गेलं. ते मशीन मला लावता येत नाही आणि थांबायला वेळही नाही. आल्याबरोबर सुरू करा. १९८० साल दिसलं, तर तारीख लक्षात ठेवणारी ती बॅटरी आत नाही. तसेच धावत या. आजची तारीख दिसली, तर फोन करा. दुसरं काही बोलू नका, नुसती तारीख सांगा.

नादिरा