ॲपलपायचा तुटवडा

विलिस्टन, नॉर्थ डकोटा
१३ ऑक्टोबर २०१३

ती. आयडेला आत्यास,
वेंडलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडतेस ते मला कळत नाही, आणि इथे तेलविहिरीवर मशीन ओरडतं त्यामुळे मी तुला कळत नाही, म्हणून हे पत्र. मी मजेत आहे. पाण्याचा टँकर सोडला, आता पाइप ओढतो. हेही सोडून अलास्काला मासेमारीच्या बोटीवर जायचं डोक्यात आहे. लगेच कपाळाला हात लावू नकोस.

डिसेंबरात तिकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय आणि बाबांच्या रायफलीला आपल्या घरात एक काडतूस नाही. बाबा गेल्यापासून मी पहिला दिवस कधी चुकवला नाही. पण काडतुसं आणू कुठून? दुकानांतल्या फळ्या रिकाम्या. काल इथल्या बंदुकांच्या बाजारात, गन शोला गेलो, तर एका टोपीवाल्याने टेबलाखालून काडतुसांची डबी अशी काढली, जसं काही बायकोचे दागिने गहाण टाकतोय. भाव ऐकून मी ती गुपचूप परत ठेवली. मागचा म्हातारा म्हणाला, पोरा, एवढ्यात अख्खं हरीण मिळेल, तेही शिजवलेलं.

तिकडे मिळतात का बघ. नाही मिळाली तर मी येत नाही. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आठवड्यात इथे दुप्पट मजुरी आहे. रिकामी रायफल घेऊन झाडाखाली बसायला एवढ्या लांबून कोण येतो?

लोभ आहेच, तो काडतुसांसारखा आटू देऊ नकोस.
तुझा,
वेंडल


हॅचर फोर्क, पेनसिल्व्हेनिया
२७ ऑक्टोबर २०१३

चि. वेंडल यास,
आयडेला आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर इतकं किरटं की काडतूस हा शब्द तीनदा लावून वाचावा लागला. येत नाही हे मात्र अगदी ठळक लिहिलंस.

काल अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गन शो होता. खाण्याची खिडकी नेहमीसारखी माझ्याकडे. ऑर्विल प्लँकच्या टेबलावर आपल्या रायफलीची एकच डबी होती, भाव ऐंशी डॉलर. मी म्हटलं, ऑर्विल, लाज बाळग, शाळेत माझ्या भावाशेजारी एका बाकावर बसून शिकलास तू. तर म्हणतो, तुटवडा आहे आयडेला, मागणी तसा भाव.

बरं, म्हटलं. दुपारी स्वारी ॲपलपाय घ्यायला खिडकीशी आली. मी सांगितलं, एका तुकड्याचे चाळीस डॉलर. तो हसला. मी हसले नाही. तुटवडा आहे, म्हटलं. माझ्या पाठीमागे ॲपलपाय वाफाळत होते, ते त्याला चांगले दिसत होते. बिचारा दिवसभर कोरडी बिस्किटं चघळत बसला, पण डबी काही सोडली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा शो आहे. बघू कुणाचं पोट आधी बोलतं.

वेळेवर जेवत जा, आणि म्हाताऱ्या आत्याला विसरू नकोस.
आयडेला


विलिस्टन
१० नोव्हेंबर २०१३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणघरात मोठ्याने वाचलं. पोरं टेबल बडवून हसली. आता इथे कुणी मीठ मागितलं तरी तुटवडा आहे म्हणतात.

डबी मिळाली! टोपीवाल्याला माझे नवे हिवाळी बूट आवडले, म्हणून अदलाबदल केली. जुने अजून चालतात, डाव्याला थोडी चिकटपट्टी आहे इतकंच. डबी पोस्टात घेऊन गेलो, तर तिथल्या बाईने असं झाडलं की सगळी रांग वळून बघायला लागली. काडतुसं टपालात चालत नाहीत म्हणे.

पण मी तोड काढलीय. आमच्या कामावरचा रस्टी थँक्सगिव्हिंगच्या आधी ट्रक घेऊन तिकडूनच जाणार आहे, डबी त्याच्याकडे देतो. यंदा रायफल तू चालव. तुझा नेम बाबांपेक्षा बरा, असं ते स्वतःच म्हणायचे, फक्त तुझ्या पाठीमागे. मी इथेच थांबतो. अलास्काच्या तिकिटाला पैसे जमतील.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
वेंडल


हॅचर फोर्क
१९ नोव्हेंबर २०१३

चि. वेंडल यास,
अ. उ. आ.

ऑर्विल शरण आला. शनिवारच्या शोला मी खिडकीवर पाटीच लावली: ॲपलपाय नाहीत, चौकशी ऑर्विल प्लँक यांच्याकडे करावी. दुपारपर्यंत अख्खा हॉल त्याच्या टेबलापाशी चौकशी करत होता. शेवटी आला, तुटवड्याआधीच्या जुन्या भावात डबी माझ्यासमोर आपटली आणि उभ्या उभ्या दोन तुकडे खाल्ले.

म्हणजे काडतुसांचं कारण संपलं. रस्टीला सांग, नुसती डबी ट्रकने आली तर हरणामागे मी ट्रकच सोडीन. मी रायफलीला हात लावणार नाही. तुझ्या बाबांच्या झाडाखाली तुझ्याशिवाय कुणी बसलेलं मला बघवणार नाही, मीसुद्धा नाही. आणि चिकटपट्टीच्या बुटांनी अलास्काला निघालेत साहेब!

तुझ्यासाठी एक ॲपलपाय करणार आहे. त्याला भाव नाही. पण मीही पोस्टात विचारून आले. तोही टपालात चालत नाही.

वाट बघतेय, एवढंच लिहिते.
आयडेला


विलिस्टन
२४ नोव्हेंबर २०१३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मुकादमाला म्हटलं, सुट्टी पाहिजे, घरी तुटवडा आहे. त्याने विचारलं, कसला? म्हटलं, माझाच.

रस्टीच्या ट्रकमध्ये डबीच्या शेजारी बसून येतोय. पत्राआधी मीच पोचलो तर हे उघडू नकोस, सगळं तोंडीच सांगीन.

लोभ असावा, तुकडा मोठा असावा, आणि बुटांचा विषय जेवणानंतर काढावा.
तुझाच,
वेंडल